नॅलोक्सोन घरात ठेवायचं की नाही?

"डॉक्टर, माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. चार वर्षं गर्द ओढत होता, शेवटी शेवटी सुईही घ्यायला लागला होता. जोडीला झोपेच्या गोळ्या असायच्याच. तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून तो पुढच्या आठवड्यात घरी येतोय. घरात सगळे खूश आहेत, मला मात्र झोप लागत नाही. केंद्रात जाण्याआधी एकदा तो बाथरूममध्ये पडलेला सापडला होता, ओठ निळे पडले होते. पाणी मारलं, गालावर चापट्या मारल्या, शेवटी हॉस्पिटलात नेलं आणि तो वाचला. माझी एक मैत्रीण नर्स आहे. ती म्हणते, ओव्हरडोसमध्ये बंद पडणारा श्वास परत आणणारं नॅलोक्सोन नावाचं औषध आणून ठेव आणि वापरायला शीक. बाबा म्हणतात, 'ते औषध घरात आणणं म्हणजे त्याला सांगणंच झालं, की घे बाबा, आम्ही आहोत वाचवायला.' आईला हा विषयच अभद्र वाटतो. मी काय करू? आणि त्याच्याशी हे बोलू तरी कसं?"
– एक मोठी बहीण

ताई,

आणून ठेवा. बाबांच्या शंकेचं उत्तर देतोच, पण हातात आठवडाच आहे म्हणून आधी निकाल सांगून टाकतो. तुमच्या मैत्रिणीचं बरोबर आहे.

तुमची झोप उडाली आहे त्यालाही कारण आहे. घरातल्या बाकीच्यांना वाटतंय, सुटलो एकदाचे. व्यसन सुटण्याच्या दृष्टीने तीन महिने ही चांगली सुरुवात आहे, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण जिवाच्या धोक्याचा हिशोब वेगळा असतो. गर्द, हेरॉइन, मॉर्फिनसारखी इंजेक्शनं, ट्रॅमाडॉल, फेंटॅनिल, म्हणजे अफूच्या जातकुळीतलं काहीही घेणाऱ्या माणसाला सर्वांत जास्त धोका असतो तो मध्ये खंड पडल्यानंतर पुन्हा एकदा घेतो तेव्हा.

रोज घेणाऱ्याचं शरीर त्या पदार्थाला सरावतं. कालची मात्रा आज पुरत नाही म्हणून तो वाढवत जातो, आणि नवख्या माणसाचा जीव घेईल एवढा माल त्याला नुसती टर्की, म्हणजे माल न मिळाल्याने होणारा त्रास, उतरवायला लागतो. घेणं थांबलं की हा सराव मोडायला लागतो. काही दिवसांतच फरक पडतो, तीन महिन्यांत तर फारसा उरतच नाही. डोक्यातला अंदाज मात्र जुनाच असतो. एखाद्या संध्याकाळी पाय घसरला तर हात जुन्या सवयीने जुनीच मात्रा घेतो, आणि ती जाते एका नवख्या शरीरात.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या लोकांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत या लोकांना ओव्हरडोसने मृत्यू येण्याचा धोका तिथल्या सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत १२९ पट होता. तुरुंग वेगळा आणि केंद्र वेगळं हे कबूल, पण शरीराला तो फरक कळत नाही. त्याला एवढंच कळतं की मध्ये माल मिळालेला नाही. उपचार अर्धवट सोडून पळालेल्यापेक्षा पूर्ण करून, स्वच्छ होऊन बाहेर पडलेला माणूस या एका बाबतीत जास्त नाजूक असू शकतो. घरच्यांना हे ऐकायला विचित्र वाटतं. मीही हे सांगताना दर वेळी समोरच्याचा चेहरा पडलेला पाहतो.

तुमच्या भावाच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी आहेत. एकदा तो मरता मरता वाचलेला आहे, आणि आधी झालेला ओव्हरडोस ही पुढच्या ओव्हरडोसची मोठी खूण मानली जाते. दुसरं म्हणजे झोपेच्या गोळ्या. त्याकडे येतोच.

आता बाबा. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही, कारण बहुतेक बाप हेच म्हणतात आणि त्यामागे कडकपणा कमी, भीती जास्त असते. पण नॅलोक्सोन काय आहे हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. त्याने नशा होत नाही आणि त्याची सवयही लागत नाही. मेंदूतल्या ज्या जागांवर अफूजन्य पदार्थ जाऊन बसतात, तिथून ते त्यांना हुसकावतं आणि काही काळ स्वतः तिथे बसतं. नशेत असलेल्या माणसाला ते दिलं की नशा खाडकन उतरते आणि टर्की सुरू होते: अंग दुखणं, उलट्या, घाम, कापरं, जीव नकोसा होणं. ज्याने टर्की एकदा भोगली आहे तो 'घरात नॅलोक्सोन आहे, चला मजा करू' असा विचार करत नाही. त्याच्या दृष्टीने ते मजेचा सत्यानाश करणारं औषध आहे.

हे काही कालचं, प्रयोगातलं औषधही नाही. १९६१ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज झाला आणि १९७१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. भूल देणारे डॉक्टर ते तेव्हापासून वापरतायत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते कित्येक वर्षं आहे. डॉक्टरांच्या हातातून सामान्य माणसाच्या हातात जायला मात्र वेळ लागला. शिकागोमध्ये रस्त्यावर काम करणाऱ्या एका संस्थेने १९९६ च्या सुमारास ते थेट व्यसनी लोकांना आणि त्यांच्या सोबत्यांना वाटायला सुरुवात केली. तेव्हाही लोक बाबांसारखंच बोलले होते. त्यानंतर ठिकठिकाणी हे वाटप झालं, त्यावर अभ्यास झाले. वाटपामुळे लोक जास्त घ्यायला लागले असं काही निघालं नाही, मृत्यू कमी झालेले मात्र दिसले. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलं, की ज्यांच्या समोर ओव्हरडोस घडण्याची शक्यता आहे अशा लोकांकडे, म्हणजे घरचे, मित्र, सोबती यांच्याकडे हे औषध असावं आणि ते वापरायचं त्यांना शिकवावं.

बाबांना आणखी एक सांगा. या औषधाच्या दोन जनकांपैकी एक जॅक फिशमन. त्यांचा सावत्र मुलगा २००३ साली हेरॉइनच्या ओव्हरडोसने गेला. तेव्हा हे औषध घरोघरी ठेवायची पद्धत नव्हती. औषध शोधलेलं असणं वेगळं आणि ते त्या मिनिटाला त्या खोलीत असणं वेगळं.

तो मिनिट कसा असतो ते सांगतो, कारण माझ्या मते औषधापेक्षाही हे ओळखता येणं जास्त महत्त्वाचं आहे.

लोकांना वाटतं, ओव्हरडोस म्हणजे माणूस तडफडतो, झटके येतात, तोंडाला फेस येतो. कधी तसंही होतं. पण गर्दच्या ओव्हरडोसमध्ये बहुतेक वेळा काहीच नाट्य नसतं. माणूस झोपतो. श्वास घ्यायची आठवण करून देणारं केंद्र मेंदूच्या बुडाशी असतं, तेच मंदावतं. श्वास मिनिटाला बारा-पंधरावरून आठ, सहा, चारवर येतो आणि मग थांबतो. हृदय त्यानंतर थांबतं. म्हणजे हा मृत्यू मुळात श्वासाचा असतो, आणि म्हणूनच तो परतवता येतो. तोंडाने ओढलेल्या किंवा गिळलेल्या मालात हे सगळं व्हायला तास-दोन तासही लागू शकतात. सुईने घेतलेला असेल किंवा मालात फेंटॅनिल असेल तर काही मिनिटांतच होतं.

मधल्या वेळात घरचे काय ऐकतात? घोरणं. हे नीट लक्षात ठेवा. नेहमीचं घोरणं तालात असतं, माणूस कूस बदलतो, हलवलं तर कुरकुरतो. हे घोरणं ओलं, घरघरतं असतं, घशात पाणी अडकल्यासारखं. एक घरघर, मग लांब शांतता. तुम्हाला वाटतं आता थांबलं, तोवर पुन्हा एक. सैल पडलेली जीभ आणि घशातली लाळ यातून हवा कशीबशी वाट काढत असते. 'रात्री मस्त घोरत होता हो, आम्ही म्हटलं दमलाय, झोपू दे' हे वाक्य मी मृत्यूनंतर आलेल्या नातेवाइकांकडून इतक्या वेळा ऐकलंय, की तुम्हाला या पत्रातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. व्यसनाचा इतिहास असलेला माणूस असा घोरत असेल तर त्याला झोपू द्यायचं नाही, उठवून बघायचं.

उठवायचं कसं? नाव घेऊन मोठ्याने हाक मारा, खांदे हलवा. उत्तर नसेल तर मूठ वळून बोटांच्या पेरांनी छातीच्या मधल्या हाडावर जोरात घासा. दुखतं, आणि दुखावं म्हणूनच करायचं. झोपलेला माणूस वैतागून हात झटकतो. तो हललाच नाही, तर ही झोप नव्हे. आता त्याच्या छातीकडे बघा आणि गाल त्याच्या नाकाजवळ नेऊन दहा सेकंद श्वास लागतोय का पाहा. त्या दहा सेकंदांत एक किंवा शून्य श्वास आला, ओठ आणि नखं निळसर किंवा राखाडी दिसली, तर आणखी कशाची वाट बघू नका. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर निळेपणा चटकन कळत नाही, त्यामुळे ओठांच्या आतली बाजू, हिरड्या आणि नखं पाहा. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झालेल्या असतात. पण झोपेच्या गोळ्या वगैरे सोबत असतील तर तेवढ्या बारीक नसतीलही, म्हणून एकट्या बाहुल्यांवर निर्णय घेऊ नका. श्वासावर घ्या.

मग फोन. रुग्णवाहिकेचा जो नंबर तुमच्याकडे चालतो तो आत्ताच सगळ्यांच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा. फोनवर पहिलं वाक्य: "माणूस बेशुद्ध आहे, श्वास घेत नाहीये", आणि पत्ता. एवढ्यावर गाडी निघते. पोलीस येतील, बोभाटा होईल या भीतीने लोक फोन करायला उशीर करतात. ओव्हरडोसच्या वेळी मदत मागणाऱ्याला कायद्याचं संरक्षण कुठे आहे, कुठे नाही. तुमच्याकडे काय आहे ते एखाद्या वकिलाला या आठवड्यातच विचारून घ्या, म्हणजे त्या क्षणी तो विचार मध्ये येणार नाही. गाडीतून आलेल्या माणसांना मात्र त्याने काय घेतलं असावं ते खरं खरं सांगायचं.

फोन स्पीकरवर ठेवून नॅलोक्सोन काढा. ते दोन रूपांत मिळतं. नाकातला स्प्रे मिळाला तर उत्तम. माणसाला पाठीवर झोपवायचं, मानेखाली हात घालून डोकं मागे करायचं, नळीचं टोक एका नाकपुडीत बोटं नाकाला टेकेपर्यंत घालायचं आणि खालचा खटका पूर्ण दाबायचा. त्याला श्वास ओढावा लागत नाही. एका स्प्रेमध्ये एकच डोस असतो, म्हणून आधी 'चालतोय का' म्हणून हवेत दाबून पाहू नका. उत्साहाच्या भरात लोक हे करतात आणि डोस तिथेच संपतो. स्प्रे मिळत नसेल तर इंजेक्शन. ०.४ मिलिग्रॅमची कुपी असेल तर ती पूर्ण सिरिंजमध्ये ओढून मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत किंवा दंडात, गरज पडली तर कपड्यावरूनही द्यायचं. शीर शोधत बसायचं नाही. कुठलं रूप मिळेल, चिठ्ठी लागेल का, हे ठिकाणानुसार बदलतं. केंद्राच्या डॉक्टरांना विचारा आणि मैत्रिणीकडून एकदा प्रत्यक्ष करून शिका. दोन डोस तरी घरात हवेत.

आणि दिल्यावर नुसतं बघत बसायचं नाही. औषधाला काम करायला दोन-तीन मिनिटं लागतात, मेंदूला मात्र प्राणवायूविना चार-पाच मिनिटांत इजा व्हायला सुरुवात होते. मधली मिनिटं तुम्ही श्वास देऊन भरायची. तोंडात काही अडकलेलं दिसलं तर काढा, डोकं मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत धरा, त्याच्या तोंडावर तोंड घट्ट लावा आणि छाती वर येईल एवढी हवा सोडा. सुरुवातीला दोन, मग दर पाच सेकंदांना एक. छाती वर येत नसेल तर डोकं पुन्हा नीट मागे करा, बहुतेक वेळा चूक तिथेच असते. श्वास पूर्ण बंद असेल आणि शरीर अगदी निर्जीव वाटत असेल तर फोनवरचा माणूस छाती दाबायला सांगेल. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे दोन इंच खोल, ३० दाबांनंतर दोन श्वास. याचं प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी एका दिवसात मिळतं. तुम्ही आणि बाबा दोघांनी जा. बाबांच्या हाताला काम मिळालं की त्यांचा विरोध निम्मा होईल, असा माझा अनुभव आहे.

तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरा डोस, दुसऱ्या नाकपुडीत. इथे एक खुलासा हवा, कारण पडद्यावर इंजेक्शन टोचलं की माणूस ताडकन उठून बसतो. आपल्याला त्याला उठवून बसवायचं नाहीये. तो स्वतःहून नीट श्वास घ्यायला लागला, ओठांचा रंग परतला, की औषधाचं काम झालं, मग तो गुंगीत असला तरी चालेल. उगाच डोसावर डोस दिले तर टर्की इतकी जोराची येते की तो हात सोडवून पळतो, आणि पळून गेलेला माणूस वाचवणं सर्वांत अवघड.

श्वास चालू पण शुद्ध नाही, अशा वेळी त्याला कुशीवर वळवा: वरचा गुडघा दुमडून पुढे टेकवलेला, हात गालाखाली, तोंड किंचित जमिनीकडे. उलटी झाली तर बाहेर पडेल, घशात जाणार नाही. दार उघडायला किंवा गाडीला वाट दाखवायला उठावं लागलं तरी आधी त्याला कुशीवर करा, मग उठा.

मागच्या वेळी तुम्ही पाणी मारलंत, चापट्या मारल्यात. घाबरलेला माणूस दुसरं काय करणार. पण त्याने बंद पडणारा श्वास सुरू होत नाही, वेळ मात्र जातो. शॉवरखाली बसवणं, खांद्याला धरून चालवणं, बोटं घालून उलटी काढणं, तोंडात काही ओतणं, मिठाचं पाणी टोचणं, तरतरी येईल म्हणून दुसरं काही ड्रग देणं, यातलं काहीच करायचं नाही. ओतलेलं फुफ्फुसात जातं. बाकीच्यांनी एक तर इजा होते किंवा नुसताच उशीर.

शुद्धीवर आल्यावर तो आभार मानेल अशी अपेक्षा ठेवू नका. बहुधा चिडेल, ओकेल, 'मला काही झालेलं नाही, सोडा मला' म्हणेल, आणि टर्कीमुळे पुन्हा घ्यायला जाऊ पाहील. हे होऊ द्यायचं नाही. नॅलोक्सोनचा परिणाम साधारण अर्धा ते दीड तास टिकतो, अंगातला माल त्याहून जास्त वेळ टिकू शकतो. औषध उतरलं आणि माल उरला की श्वास पुन्हा मंदावतो. म्हणून हॉस्पिटल टाळायचं नाही. तो अगदीच तयार नसेल तरी पुढचे काही तास कुणीतरी डोळ्यात तेल घालून जवळ बसायचं. मेथाडोनसारखं, अफूच्या जातीचं पण अंगात जास्त वेळ टिकणारं काही घेतलं असेल तर हॉस्पिटलला पर्यायच नाही. आणि त्या रात्री उपदेश नको. भांडायला पुढचा आठवडा आहे.

तुम्ही विचाराल, त्याने नक्की काय घेतलं हे कळलंच नाही तर? तरी द्या. नुसती दारू, नुसत्या झोपेच्या गोळ्या किंवा कोकेन-मेफेड्रोनसारखे उत्तेजक पदार्थ यांवर नॅलोक्सोनचा उपयोग होत नाही, पण अपायही होत नाही. श्वास देणं, कुशीवर वळवणं आणि फोन हे तिन्हीकडे सारखंच. उत्तेजक पदार्थांत मात्र चित्र वेगळं असतं: अंग भट्टीसारखं तापतं, छातीत दुखतं, झटके येतात, माणूस संशयाने बिथरतो. तिथे गार करणं, शांत ठेवणं आणि लवकर हॉस्पिटल. आणखी एक, दुखण्यावरच्या काही मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉलही असतं. त्याच्या जादा मात्रेने पहिला दिवस माणूस ठीक दिसतो आणि मग यकृत बसतं. त्यावर उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो. 'बरा दिसतोय' म्हणून घरी थांबायचं नाही.

आता त्याच्याशी बोलायचं कसं. लपूनछपून औषध ठेवू नका. त्याला ते सापडेल, आणि सापडल्यावर त्याला वाटेल, यांचा माझ्यावर विश्वास नाही. पहिल्याच दोन-तीन दिवसांत, आई-बाबा समोर नसताना, साध्या आवाजात सांगा: "तू पुन्हा घेशील असं मी धरून चाललेले नाही. पण तीन महिन्यांनंतर जुनी मात्रा घेतली तर माणूस मरतो, हे मला कळलंय. म्हणून हे औषध आणलंय, या कपाटात आहे, मला वापरता येतं. कधी पाय घसरला तर मला फोन कर, रात्री तीन वाजता कर, मी त्या दिवशी ओरडणार नाही." शेवटचं वाक्य दिलंत तर पाळावं लागेल, हे आधीच मनाशी पक्कं करा.

तो ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत असेल तर पुढचंही बोला. बाबांना हे ऐकवत बसायची गरज नाही. घेतलंच तर जुन्या मात्रेचा एक छोटासा भागच, आणि थांबून परिणाम बघायचा. गर्दमध्ये काय काय भेसळ असते ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं, एकाच माणसाकडच्या दोन पुड्या सारख्या निघत नाहीत. सुई तर नकोच, तिच्यात चूक सुधारायला वेळच मिळत नाही. एकट्याने नको आणि कडी लावून नको. तुमच्या घरात बाथरूममध्ये जे झालं त्यात तो वाचला, कारण कुणीतरी वेळेत आत पोहोचलं. बाथरूमची कडी बाहेरून उघडता येईल अशी करून घ्या. ते सुताराचं अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्याबद्दल घरात चर्चा करण्याचीही गरज नाही.

आणि सर्वांत वर, मिसळायचं नाही. गर्दसोबत अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, डायझेपाम यांसारख्या झोपेच्या गोळ्या किंवा दारू, ही जोडी सर्वांत वाईट. दोन्ही श्वास दाबतात, आणि एकेकटी जी मात्रा सोसली असती ती एकत्र सोसत नाही. नसांच्या दुखण्यावर देतात ती प्रेगाबालिन, गॅबापेंटिनही त्याच रांगेत. मी पाहिलेल्या कितीतरी केसेसमध्ये गर्दची मात्रा फार नव्हतीच, सोबतच्या गोळ्यांनी घात केला. तेव्हा घरात आई-बाबांच्या झोपेच्या, दुखण्याच्या, खोकल्याच्या औषधांतलं काय काय आहे ते या आठवड्यात पाहा, कुलपात ठेवा, नको ते औषध दुकानात परत द्या. पण भाऊ रोज झोपेच्या गोळ्या घेत होता, त्या केंद्रात कशा बंद केल्या हेही विचारा. अजून चालू असतील तर घरी एकदम तोडू नका, फिट्स येऊ शकतात. त्या डॉक्टरच टप्प्याटप्प्याने कमी करतील. त्याला दमा, रात्री श्वास अडकण्याचा त्रास किंवा यकृताचं दुखणं असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. ताप, छातीत कफ असलेल्या दिवशी तर तो आणखी कच्चा असतो.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, तो मीच काढतो. मागचा प्रसंग अपघात होता, याची तुम्हाला खात्री आहे का? केंद्रातून आल्यावर नोकरी नाही, मित्र नाहीत, घरात सगळ्यांच्या नजरा, अशा दिवसांत मन खूप खाली जातं. 'जगणं नको वाटतं का, मरण्याचे विचार येतात का' असं थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, असला तर बाहेर येतो. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

हे सगळं पाय घसरलाच तर काय, याबद्दलचं झालं. तो घसरू नये यासाठी रोज घ्यायच्या औषधाचा उपचार आहे, आणि घरोघरी त्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. ब्यूप्रेनॉर्फिन जिभेखाली ठेवायची गोळी आहे, मेथाडोन प्यायचं औषध. दोन्ही २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहेत. दोन्ही अफूच्याच जातकुळीतली, म्हणून 'एक नशा सोडवून दुसरी लावली' असं लोक म्हणतात. पण तलफ शांत राहते, टर्की येत नाही, माणूस कामावर जातो, आणि उपचारात असलेल्यांचं मृत्यूचं प्रमाण उपचार सोडलेल्यांच्या निम्म्याहून कमी असल्याचं अनेक देशांच्या आकडेवारीतून दिसलंय. ब्यूप्रेनॉर्फिनला श्वास दाबण्याच्या बाबतीत एक मर्यादा असते, ठरावीक मात्रेनंतर तो परिणाम फारसा वाढत नाही. झोपेच्या गोळ्यांबरोबर मात्र तीही धोक्याची. मेथाडोनचे पहिले चार आठवडे जपून काढावे लागतात. आणि कुठलंही औषध मध्येच सोडणं हा पुन्हा तोच धोक्याचा काळ. नालट्रेक्झोन या आणखी एका औषधाचंही तसंच: ते चालू असताना नशा चढत नाही, पण बंद केल्यावर शरीर अगदी कोरं असतं.

तीन महिने काहीही न घेता राहिलेल्या माणसाला यातलं काय, किती मात्रेपासून सुरू करावं, हे पत्रातून ठरत नाही. म्हणून त्याला आणायला जाल तेव्हा फक्त बॅग घेऊन निघू नका. डिस्चार्जच्या कागदावर पुढच्या उपचाराबद्दल काही लिहिलंय का ते तिथेच उभं राहून वाचा. नुसतंच 'फॉलोअप' असं लिहिलं असेल तर डॉक्टरांना भेटून विचारा: ब्यूप्रेनॉर्फिनसारखी देखभालीची गोळी सुरू करायची का, नसेल तर का नाही, झोपेच्या गोळ्यांचं काय झालं, नॅलोक्सोन लिहून देता का, आणि पहिली भेट कधी. ती भेट पहिल्या आठवड्यातलीच मागा. पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली तर घेऊ नका. बाबांनाही सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं ते मानतात की नाही कुणास ठाऊक, पण तुम्हाला एकटीला सगळं परत सांगत बसावं लागणार नाही.